लटारला, लटारलं, लटारवलं

दिघोरे सर गेल्याची बातमी मला मोबाइलवर आली, आणि ती अशी आली: "आपले सर आज पहाटे लटारले." आमच्या जुन्या-नव्या नाटकवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर कोणा नव्या नटानं ती टाकली होती. खाली जोडलेले हात, रडके चेहरे, पांढरी फुलं. मग कोणीतरी आक्षेप घेतला, की गेलेल्या माणसाबद्दल "लटारले" म्हणू नये, वाईट दिसतं. त्यावर दुसऱ्यानं उत्तर दिलं, "लटारला" म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं, "लटारले" आदरार्थी आहे. तिसरा म्हणाला, मग "लटारलेत" लिहा, उगाच वाद नको. सरांना अजून घराबाहेर काढलंही नव्हतं, आणि इकडे त्यांच्या क्रियापदाच्या भूतकाळावर चर्चा रंगली होती. मी वडशाच्या एका तांदूळ मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. समोर धानानं भरलेला ट्रॅक्टर उभा होता आणि मला हसू आवरेना. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काऊन हासून राह्यले जी?" मी म्हटलं, "मानूस मेला." त्यानं ट्रॅक्टर काट्यावर घेतला.

आमची बोली ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लटारणे हे क्रियापद कुठल्या कोशात सापडणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत, नाटकवाल्यांमध्ये ते जन्मलं. पहिला अर्थ होता, रंगमंचावर वाक्य विसरून तोंड उघडं टाकून उभं राहणं. मग ते मंडपाबाहेर पडलं. चढावर मोटारसायकल बंद पडली की ती लटारली. बारावीत पोरगं नापास झालं की लटारलं. बँकेचं मशीन पैसे देईना की तेही लटारलं. आणि गेल्या काही वर्षांत माणूस मेला की तोही लटारायला लागला. शब्द असाच वाढतो, असं सर कौतुकानं म्हणायचे, कारण तो त्यांनी घडवला होता. घडवायला कच्चा माल म्हणून जे नाव घेतलं ते माझं. माझं नाव लटारू. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं मुद्दाम, मरणाला आवडणार नाही असं ओबडधोबड नाव ठेवलं होतं. त्याच नावाचं आता मरण्याचं क्रियापद झालं आहे. हे पाहायला आई नाही, हे बरं आहे.

पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, की तुम्ही सरांचे जुने विद्यार्थी, त्यांच्याबद्दल दोन चांगले शब्द लिहा. चांगले शब्द कोणते हे आजवर सरच ठरवत आले, त्यामुळे जरा अडचण आहे. तरी लिहितो.

सर मला सातवीत मराठी शिकवायला आले. तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. पांढरा सदरा, खिशाला लाल शाईचं पेन, आणि आम्हा सगळ्यांच्या जिभा सरळ करण्याचा निश्चय. आमच्याकडे 'ण' फारसा कोणी उच्चारत नाही. पाण्याचं पानी होतं, लोण्याचं लोनी. सर म्हणायचे, "पाणी म्हण. पानी जनावरं पितात." एकदा त्यांची म्हातारी आई गावाहून एसटीनं आली, वर्गाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माया श्रावनले डबा आनला जी." श्रावण हे सरांचं नाव. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. सरांनी डबा घेतला, टेबलावर ठेवला आणि आईच्या देखतच आम्हाला विचारलं, "या वाक्यात चुका किती?" मुलं बोटांवर मोजायला लागली. म्हातारी हसत उभी होती. तिला वाटलं, पोरं आपल्याबद्दल काहीतरी चांगलं बोलताहेत. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एसटी स्टँडकडे परत गेली.

सर छडी कधी वापरत नसत. मारणं त्यांना अशुद्ध वाटत असावं. आमच्या वर्गातल्या एकाचे वडील वारले, तो आठवड्याच्या आत शाळेत आला, डोक्याचे केस काढलेले. रजेच्या अर्जात त्यानं लिहिलं होतं, "माझा वडील वारला." सरांनी तो अर्ज फळ्यावर लिहिला, त्यालाच खडू दिला आणि दुरुस्त करायला लावला. "वडील हा शब्द आदरार्थी बहुवचनात चालतो," सर म्हणाले, "मेल्यावरसुद्धा." पोरानं 'माझे वडील वारले' असं लिहिलं आणि खडू परत दिला. आम्ही कोणी ते वाक्य पुन्हा चुकलो नाही. चांगलं शिकवायचे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

माझा आवाज त्यांनीच ओळखला. पाठातला एक उतारा मी मोठ्यानं वाचला, तर शेजारच्या वर्गातली मुलं गप्प झाली म्हणे. सरांनी मला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं, वाक्य कुठं तोडायचं, श्वास कुठं घ्यायचा, शेवटचं अक्षर कसं गिळायचं नाही, हे सगळं शिकवलं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, शंकरपटाच्या बैलशर्यती होतात, आणि त्या रात्री मंडपात नाटक असतं, रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारं. अख्खं गाव, पाहुणे-रावळे, सगळे येतात. सर अशा एका मंडळीत प्रॉम्प्टर होते; विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. संहितेची भाषाही तेच तपासायचे. मला त्या मंडळीत त्यांनीच नेलं, नायक त्यांनीच केलं. दिवसा शाळा, संध्याकाळी बस पकडून मंडपात, सकाळी पुन्हा शाळा, असा त्यांचा हिवाळा जायचा.

रंगमंचावर मात्र पुस्तकी मराठीच बोलायची, हा त्यांचा नियम. एका प्रयोगात माझ्या तोंडून "मी म्हणालो होतो" ऐवजी "मी म्हनलं होतं" असं निघून गेलं. मंडपात टाळ्याच टाळ्या. लोकांना वाटलं, नायक आपल्यातलाच आहे. मी खूश होऊन विंगेत आलो. सर संहितेवरून नजर न उचलता म्हणाले, "टाळ्या बैलालाही पडतात. उद्या शंकरपटात पाहून घे." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आणि त्याच्या लगेच पुढच्या प्रयोगात ते घडलं.

नाटकाचं नाव सांगत नाही, आमच्या सगळ्याच नाटकांत तेव्हा तेच असायचं: पाटील दुष्ट, जावई सज्जन, मधे लावणी, शेवटी पिस्तूल. मी जावई. शेवटच्या अंकात पाटलावर पिस्तूल रोखून मी एक लांबलचक भाषण करायचं आणि मग गोळी झाडायची. पिस्तूल रोखलं, पहिलं वाक्य बोललो, आणि पुढचं गेलं... कसं गेलं ते आजही सांगता येत नाही. समोर चादरी पांघरलेली माणसंच माणसं, आणि डोक्यात एक शब्द नाही. मी विंगेकडे पाहिलं. तिथं बल्ब होता, बल्बखाली उघड्या संहितेची पांढरी पानं दिसत होती. सरांचा चेहरा पडद्याच्या कडेआड होता. शब्द आला नाही. मी पुन्हा पाहिलं. पानं तशीच. पाटलाचं काम करणारा नट बिचारा हात वर करून किती वेळ उभा राहणार... शेवटी तोच हळूच म्हणाला, "मार ना बे." तो हळू म्हणाला, पण माइकनं ते मंडपभर पोचवलं. मग काय विचारता! मागून कोणी ओरडलं, "त्याले चाय पाजा रे कोनी!" कोणी म्हणालं, "पाटील, तूच मार त्याले!" लोक पोट धरून हसत होते तेवढ्यात पडदेवाल्यानं पडदा टाकला.

सकाळी चहाच्या टपरीवर मंडळी जमली. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. कोणी काही बोलायच्या आत सर पुढे झाले, चहाचा ग्लास हातात घेतला आणि म्हणाले, "मंडळी, मराठीला आज एक नवा धातू मिळाला. लटार. लटारणे म्हणजे तोंड उघडं, अर्थ बंद. मी लटारतो, तू लटारतोस, तो लटारला." लोक इतके हसले की टपरीवाल्याच्या हातून साखर सांडली. मी पुढे आलो. "सर," मी म्हटलं, "मी नाई लटारलो. मले लटारवलं." हसणं थांबलं. सरांनी माझ्याकडे वर्गात बघायचे तसं पाहिलं. "प्रयोजक क्रियापद," ते म्हणाले. "छान. हसणे, हसवणे. लटारणे, लटारवणे. प्रयोजक म्हणजे दुसऱ्याकडून करवणं. मग करवणारा कोण? कर्ता सांग." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांचा विद्यार्थी. "तुम्ही" हा शब्द ओठापर्यंत आला आणि तिथंच राहिला. "बघा," सर म्हणाले, "पुन्हा लटारला."

आता या वादात तिसरा पक्ष निघाला तो आमच्या पेटीवाल्या रामटेके भाऊंचा. रेल्वेत नोकरी, हिवाळ्यात पेटी, आणि कोणाचं मन दुखवायचं नाही हा स्वभाव. त्यांनी मधला मार्ग काढला. "लटारलाबी नाई अन् लटारवलंबी नाई," ते म्हणाले. "त्याले लटारलं. जसं मळमळलं, जसं उजाडलं. आता उजाडलं, तं कोनं उजाडवलं? कोनंच नाई." सरांनी लगेच त्याचं पुस्तकातलं नाव सांगितलं, भावकर्तृक. ज्या क्रियेला करणारा कोणी नसतो ती. "पण रामटेके," सर म्हणाले, "उजाडायलाही सूर्य लागतो." रामटेके भाऊ हसले आणि पेटीचा भाता झटकत बसले. तेव्हापासून चाळीसेक वर्षं हा वाद चालला, एसटीत, लग्नाच्या मांडवात, मयतीच्या बैठकीत. लोकांसाठी ती करमणूक होती. माझ्यासाठी हिशेब साधा होता. लटारला म्हटलं तर दोष माझा. लटारलं म्हटलं तर कोणाचाच नाही. लटारवलं म्हटलं तर विंगेतल्या माणसाचा. मला तो एक 'व' हवा होता, आणि तो सरांच्या तोंडून हवा होता. त्यांनी जाणूनबुजून वाक्य दिलं नाही, "म्हनलं" म्हटल्याची शिक्षा म्हणून माझा नट म्हणून गळा घोटला, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती.

दरम्यान शब्दाला पाय फुटले. सोयरिकीसाठी गोंडपिपरीकडच्या एका गावात गेलो, तर मुलीच्या मामानं नाव ऐकून विचारलं, "लटारू म्हंजे... ते लटारनारेच का जी?" दाराआड मुलगी फिस्सकन हसली. पोहे चांगले होते. शेवटी सिरोंच्याकडची, तेलुगू बोलणारी मुलगी मिळाली. तिला मराठी येत नव्हती म्हणून लग्न जमलं. पुढे मराठी शिकली, आणि पहिल्यांदा मराठीत रागावली ती "दारात लटारू नका" असं म्हणून. एका नाटक कंपनीच्या मालकानं मला विनोदी कामाला घेतलं, "लटारू येणार, लटारून दाखवणार" असं पोस्टर छापून. मी रोज रात्री ठरल्या जागी वाक्य विसरायचो आणि लोक हसायचे. तिथंही प्रॉम्प्टर सरच! आणि आता मात्र ते विंगेतून खच्चून ओरडून वाक्य सांगायचे, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. मी म्हटलं, "सर, इथी मले थांबाचं असते." ते म्हणाले, "मी उभा असताना इथे कोणी थांबणार नाही." मंडप आणखी हसला. तो हंगाम कसाबसा काढला आणि तोंडाचा रंग पुसला तो कायमचा. मुलगी झाली, शाळेत गेली. हजेरीत तिचं पूर्ण नाव घेतलं की वर्ग खिदळायचा. ती आता बल्लारपूरला नोकरी करते. सहीत बापाचं नाव लिहीत नाही, नुसतं 'ल.' लिहिते.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. त्यात गंमत म्हणून वादसभा ठेवली होती, विषय: लटारला की लटारवलं? मला मंचावर खुर्ची दिली होती, नमुना म्हणून. दोन शिक्षकांनी दोन बाजू मांडल्या, रामटेके भाऊंनी आपलं उजाडणं-मळमळणं सांगितलं, लोक हसून हसून बेजार. मग मुख्याध्यापक म्हणाले, "लटारूभाऊ, तुमालेबी दोन शब्द..." मी उठलो. आणि त्या रात्री जे गेलं होतं ते जावयाचं भाषण मी सुरू केलं, पहिल्या वाक्यापासून. घरी, शेतात, काट्यावर बसल्या बसल्या हजारदा म्हटलेलं. एक शब्द चुकलो नाही, एक 'ण' घसरला नाही. श्वास सरांनी शिकवला तिथंच घेतला. सभागृहात कोणी हललं नाही. संपल्यावर एक क्षण वाटलं... सर उठतील, जवळ येतील. सरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "उत्तम. फक्त जरा उशिरा आलं." जो हशा झाला तो रस्त्यावर ऐकू गेला असेल. मग हात वर करून मतं घेतली. "लटारला" बहुमतानं जिंकलं.

आता कोणी विचारील, एवढं होतं तर संबंध का ठेवला? मलाही हा प्रश्न पडतो. माझ्या आवाजाला आवाज म्हणणारा पहिला माणूस तोच होता, आणि नंतर दुसरा कोणी भेटला नाही. मला त्यांच्याशिवाय करमत नसे आणि ते समोर आले की डोकं तडकायचं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, हे मी आज लिहून टाकतो; त्याचाच संताप जास्त होता. दर दिवाळीला मी जायचो, खालमानेनं फराळ खायचो आणि उठताना म्हणायचो, "सर, लटारवलं." ते म्हणायचे, "कर्ता?" त्यांच्या पत्नी गुंफाबाई एवढं झालं की चिवड्याचं भांडं उचलून आत निघून जायच्या. मला वाटायचं, बाईंना हा पोरखेळ आवडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. म्हणजे आवाज होता, पण हवा तो शब्द सापडत नसे. पाणी हवं असलं तर "खिडकी" म्हणायचे, खिडकी उघडायची असली तर "बैल". मी भेटायला गेलो. खरं सांगायचं तर बघायला गेलो. गुंफाबाई दारातच म्हणाल्या, "या भाऊ. सकारपासून निस्ते लटारून राह्यले..." आणि जीभ चावून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बोला बाई, शब्द त्याइचाच हाये." आत सर खाटेवर होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून त्यांनी "बैल, बैल" केलं. बाईंनी खिडकी उघडली. सरांनी मान हलवली, नाही. बाईंनी पाणी आणलं. नाही. त्यांना चष्मा हवा होता, तो उशीमागे पडला होता, आणि हे मला आल्याबरोबर कळलं होतं. मी सांगितलं नाही. बाईंनी टॉवेल आणला, पंखा लावला, बंद केला... माझं बघून झाल्यावर मी चष्मा काढून दिला.

चष्मा लावल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "लटार..." बाई म्हणाल्या, "बघा, तुमाले बलावून राह्यले." मला माहीत होतं ते बोलावणं नव्हतं. सर अडले होते आणि माझ्या ओठांकडे बघत होते, अडलेला नट विंगेकडे बघतो तसे. माझ्या तोंडात 'वलं' तयार होतं. पण त्या दिवसांत कोणी शब्द पुरवला की ते तोच पुन्हा म्हणायचे, आणि मला उसनी कबुली नको होती. मी ओठ घट्ट मिटून बसलो. त्यांच्या कपाळावर घाम आला. खालचा ओठ थरथरला आणि मग आलं, "...लं." लटारलं. म्हणजे रामटेके भाऊंचं उजाडणं-मळमळणं? कोणीच केलं नाही? की लटारवलंच म्हणायचं होतं आणि मधला 'व' वाटेत पडला? 'व' म्हणायला खालचा ओठ दाताला लागावा लागतो, आणि सरांचा ओठ लोंबत होता. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "सर," मी शुद्ध मराठीत म्हटलं, "कर्ता सांगा." "भाऊ!" बाई ओरडल्या. सरांच्या एका डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्यातून तर ते सतत येतच होतं, ते धरता येत नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आमची तीच शेवटची भेट.

मोक्षधामाच्या वाटेवर, चौकात, सरांचा मोठा फोटो असलेला बॅनर लागला होता: "भावपुर्ण श्रध्दांजली". 'पु' ऱ्हस्व. 'द्ध'ची जोडणी उलटी. ज्या माणसानं उभ्या गावाच्या लग्नपत्रिका लाल शाईनं रंगवल्या, त्याच्या डोक्यावर ढळढळीत दोन चुका. तिरडी पुढे गेली तरी मी बॅनरखाली उभा होतो. कित्येक वर्षांत मला इतकं समाधान मिळालं नव्हतं. रामटेके भाऊ मागे वळून आले आणि म्हणाले, "दुरुस्त कराले सांगू का जी?" मी म्हटलं, "राहू द्या. चांगला दिसून राह्यला."

तेरवीला गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली, तेव्हा गुंफाबाईंनी मला मागच्या पडवीत बोलावलं आणि चहा दिला. मग म्हणाल्या, "भाऊ, त्याइले तुमाले सांगाचं होतं, पन बोलता नाई आलं. मीच सांगतो आता. त्या राती ते झोपले होते जी."

"कोनत्या राती?" मी विचारलं.

"तुमच्या पिस्तूलवाल्या राती. दिवसा शाळा, रातचं जागरन, पुस्तक मांडीवर तसंच, अन् हे झोपले. पडदेवाल्यानं हालवलं तवा जागे झाले. घरी येऊन रडले माह्याजवळ. म्हने, मास्तर झोपला असं लोक म्हनतीन. तवापासून विंगेत बसले नाई कधी. रातभर उभेच. पाय असे सुजून येत, मी तेल लावून देत होती."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"मास्तर होते ना जी," बाई म्हणाल्या.

झोपले. अकर्मक, कर्तरी, साधा भूतकाळ. या रूपावर कोणाचा वाद नाही. माझ्या हातातला चहा गार झाला. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की सरांचा माझ्यावर राग होता. रागाचं एक बरं असतं, ज्याच्यावर तो असतो त्याची काही किंमत तरी असते. इथं तेही नव्हतं. मी मंडपात उघडा पडत होतो तेव्हा माझे गुरू घोरत होते. ती झोप मी माफ केली असती, त्याच सकाळी केली असती. आम्ही सगळेच कुठे ना कुठे झोपायचो. रामटेके भाऊ तर पेटीवर डोकं टेकून अख्खा अंक झोपलेले आहेत. पण टपरीवर सर जागे होते. कोणाची नजर विंगेकडे वळायच्या आत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो धातू त्यांनी पूर्ण जागेपणी घडवला, आणि मग दर दिवाळीला, चिवडा खात, मला कर्ता विचारला. आणि या बाई हे सगळं जाणून चाळीस वर्षं मला वाढत राहिल्या.

गुंफाबाईंनी हात जोडले. "रामटेके भाऊ सांगून राह्यले होते, तुमी पेपरात लिहून राह्यले म्हनून. सारं लिहा जी. गुन लिहा, अवगुन लिहा, माह्या सासूची गोठ लिहा, मी नाई म्हनत नाई. हे तेवढं नका लिहू. लोक हासतीन त्याइले."

बाई आता थकल्या आहेत. डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

"नाई लिहत, बाई," मी म्हटलं. "शपथ."

त्यांचा जीव भांड्यात पडला. मी गार झालेला चहा संपवला, त्यांच्या पाया पडलो, आणि घरी येऊन हा लेख लिहायला बसलो.